साकागुचींची माणसं

१९८८ साली 'फायनल फँटसी' या गेमच्या दुसऱ्या भागाचं काम अर्ध्यावर आलं होतं आणि मुख्य प्रोग्रामरचा जपानमधला वर्क व्हिसा संपला. नासिर गेबेली त्याचं नाव. जन्म इराणचा, वास्तव्य अमेरिकेत. त्याला कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला परतावं लागलं. दुबईत असं झालं की पुढे काय होतं ते इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. कॅन्सलेशनच्या कागदावर सही, हिशेब चुकता, सामान कार्गोने रवाना, आणि महिन्याभरात त्याच खुर्चीवर दुसरा माणूस. स्क्वेअर या जपानी कंपनीने भलतंच केलं. माणूस इकडे येऊ शकत नाही ना, मग यंत्रं आणि कागदपत्रं उचलून बाकीची टीमच सॅक्रामेंटोला गेली. गेम तिथे पुरा केला. तिसऱ्या भागाच्या वेळी पुन्हा तेच घडलं.

त्या टीमचे दिग्दर्शक होते हिरोनोबु साकागुची. तेव्हा वय पंचवीस.

मी राहतो त्या दुबई सिलिकॉन ओएसिसची आखणी वीसेक वर्षांपूर्वी चिप आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगांसाठी झाली. सव्वासात चौरस किलोमीटरचा हा फ्री झोन. आज इथे आरआयटीचं विद्यापीठ आहे, नवउद्योजकांचं डीटेक आहे, आणि कोडिंग करून पोट भरणारी हजारो माणसं आहेत, ज्यांचा मुक्काम व्हिसाच्या मुदतीइतकाच. गेबेलीचा किस्सा मी इथल्या मित्रांना सांगतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिकिटाचे पैसे कोणी दिले? ते मला ठाऊक नाही. पण साकागुचींच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत मला सगळ्यात जास्त कुतूहल याच गोष्टीचं वाटत आलं आहे. हा गृहस्थ माणसं कशी गोळा करतो, आणि ती सुटली की त्याचं काय होतं?

सुरुवात झाली विजेच्या तारांपासून. वीजवाहिन्या टाकण्याची कंत्राटं घेणारी देन्यूशा नावाची एक कंपनी होती. मालकाचा मुलगा मासाफुमी मियामोतो याने १९८३ साली तिच्यातच सॉफ्टवेअरचा एक विभाग काढला आणि योकोहामातल्या हियोशी भागात बस्तान मांडलं. नाव ठेवलं स्क्वेअर. तेव्हा गेम म्हणजे बहुतेक एकट्या प्रोग्रामरचं काम असे. चित्रही त्याचं, गोष्टही त्याची. मियामोतोचं म्हणणं असं की चित्रकार, लेखक आणि प्रोग्रामर एका खोलीत बसले तर काम चांगलं होईल. आज यात काय मोठंसं, असं वाटेल. तेव्हा ते नवं होतं.

योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकणारे दोन मित्र, साकागुची आणि हिरोमिची तानाका, तिथे पार्टटाइम कामाला लागले आणि शिक्षण अर्धवट सोडून तिथेच राहिले. (आपल्या घरात त्या रात्री जेवताना काय झालं असतं, याची कल्पना वाचकाने करावी.) साकागुचींचा पहिला गेम 'द डेथ ट्रॅप' १९८४ साली आला. घरगुती संगणकावर वाक्यं टाइप करत पुढे सरकायचा साहसाचा खेळ. पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भाग आला. १९८६ च्या सप्टेंबरात स्क्वेअर मियामोतोच्या वडिलांच्या कंपनीतून वेगळी होऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली. उभी कसली, लडखडत होती. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी तिने बरेच गेम काढले, पण नाव व्हावं असा एकही नाही.

हे फॅमिकॉम आपल्याकडच्या नव्वदीतल्या पोरांनाही ओळखीचं आहे, फक्त नकली रूपात. दादर-ठाण्याच्या दुकानांत मिळणाऱ्या, पिवळी-काळी कॅसेट खुपसायच्या त्या डब्यांच्या पोटात त्याचीच नक्कल असे. त्या कॅसेटींमध्ये मारिओ होता, कॉन्ट्रा होता, बदकं मारायची बंदूक होती. रोल-प्लेइंग गेम मात्र आमच्यापर्यंत कधी आला नाही. त्यात पानंच्या पानं मजकूर वाचायचा असतो, आणि खेळ तीस-चाळीस तास चालत असल्याने कुठवर पोचलो ते कॅसेटीतच साठवावं लागतं, म्हणजे आत बॅटरी हवी. स्वस्तातली नक्कल करणाऱ्याला हे कुठलं परवडायला? म्हणून मराठी घरांतल्या एका आख्ख्या पिढीने गेम म्हणजे उड्या आणि गोळीबार एवढंच मानलं. पात्रांच्या ताकदीचे आकडे वाढवत, आळीपाळीने डाव टाकत, गावोगावच्या माणसांशी बोलत गोष्ट उलगडायची, हा प्रकार तिला कळला नाही.

जपानमध्ये तो प्रकार २७ मे १९८६ रोजी लोकांच्या गळी उतरला. एनिक्स कंपनीचा 'ड्रॅगन क्वेस्ट' त्या दिवशी आला. लेखन युजी होरींचं, चित्रं अकिरा तोरियामांची. साकागुचींना असाच गेम कधीपासून करायचा होता, पण खपेल याची खात्री नसल्याने कंपनी तयार नव्हती. 'ड्रॅगन क्वेस्ट'चा खप पाहून तिने होकार दिला. पण सोबत यायला माणसं मिळेनात. साकागुची कामाला कडक, बोलायला खरखरीत, अशी त्यांची ख्याती ऑफिसात झालेली होती. सुरुवातीला तिघेच आले: अकितोशी कावाझु, कोइची इशी आणि संगीतकार नोबुओ उएमात्सु. होता होता कंपनीतली सात माणसं झाली. चित्रांसाठी बाहेरून योशिताका आमानोंना आणलं. जलरंगातल्या त्यांच्या नाजूक, धूसर आकृत्या फॅमिकॉमच्या ठोकळ्यांत कशा बसवायच्या, हा प्रश्नच होता. बसल्या नाहीतच. त्या डब्यावर आणि पुस्तिकेत राहिल्या, आणि खेळणाऱ्याने पडद्यावरच्या ठोकळ्यांत त्या मनाने पाहिल्या.

आणि गेबेली. ऐंशीच्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅपल टू या संगणकावर झरझर चालणारे गेम लिहून त्याने नाव काढलं होतं. मग गेमचा बाजार कोसळला, त्याची स्वतःची कंपनी बुडाली, आणि तो स्क्वेअरला येऊन मिळाला. यामागे एक तांत्रिक योग आहे, तो सहसा सांगितला जात नाही. अ‍ॅपल टूचा प्रोसेसर ६५०२ जातीचा, आणि फॅमिकॉममधला प्रोसेसरही त्याच घराण्यातला. असेंब्ली भाषेत या चिपशी थेट बोलायची गेबेलीची वर्षानुवर्षांची सवय जपानला जशीच्या तशी उपयोगी पडली. रोल-प्लेइंग गेम हा प्रकार मात्र त्याला ठाऊक नव्हता. लढाईचे हिशेब, जादूची कोष्टकं हे सगळं समोर बसून समजावून द्यावं लागलं. मधूनच त्याने कोणी न सांगता एक गंमत घुसडली. गेममधल्या जहाजावर असताना ठरावीक बटणं पुन्हापुन्हा दाबली की पंधरा आकड्यांचं सरकवायचं कोडं उघडतं. साकागुचींनी ते राहू दिलं. कडक म्हणवणाऱ्या माणसाचं हे राहू देणं मला फार बोलकं वाटतं.

सगळा गेम २५६ किलोबाइटच्या कॅसेटीत बसवला होता. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुलाबाच्या फुलाचा फोटोही कधीकधी याहून जड असतो. एवढ्या जागेत एक आख्खं जग, शंभरावर राक्षस, सगळं संगीत, आणि ज्यात बसून गेलं की खालची जमीन सपासप मागे पळते असं उडतं जहाज. कंपनी दोन लाख प्रती काढणार होती. एवढ्यात पुढचा भाग काढायला पैसा उरणार नाही असं म्हणून साकागुचींनी चार लाखांचा हट्ट धरला. १८ डिसेंबर १९८७ रोजी गेम आला आणि जपानात सुमारे पाच लाख वीस हजार प्रती खपल्या.

गेम पडला तर आपण परत कॉलेजात जाऊ, म्हणून नाव 'फायनल', ही कथा जगभर सांगितली गेली. २०१५ साली क्योतोतल्या एका परिषदेत साकागुचींनीच तिची हवा काढली. लघुरूपात 'एफ एफ' यायला हवं होतं, 'फायटिंग फँटसी' नाव आधीच दुसऱ्या कोणी घेतलेलं होतं, एवढंच. हलाखी मात्र खरी होती, हेही त्यांनी सांगितलं.

१९९० च्या तिसऱ्या भागात खेळणाऱ्याच्या मदतीला बोलावता येणारे देवदैत्य आले. त्यांत शिवा आहे, पण ती बर्फाची देवी, बाईच्या रूपात. शिवाय अरबी लोककथांतला अग्नीचा इफ्रित, आणि बहामुत, जो अरबी सृष्टिवर्णनात पृथ्वीचा भार पेलणारा महाकाय मासा असतो आणि इथे ड्रॅगन झाला आहे. ही नावं जपान्यांनी थेट काशीहून किंवा बगदादहून आणली नाहीत. बरीचशी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाच्या वाटेने आली. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या इमारतीत यावरून एकदा जुंपली होती. आमच्या घरातल्या पोराने शंकराला बाई केल्याची तक्रार मांडली. खालच्या मजल्यावरच्या अलेक्झांड्रियाच्या मुलाचं म्हणणं, त्याच्या आजीचा इफ्रित पडक्या घरात राहतो आणि त्याला शिंगं नसतात. दोघांनी आपापल्या तक्रारी मांडल्या आणि पुढच्या लढाईला लागले.

आणि व्हिसाचं म्हणाल, तर ज्या दुबईत गेबेलीसारख्याची एका सहीत बोळवण झाली असती, तिने २०२४ साली गेम बनवणाऱ्यांसाठी खास गेमिंग व्हिसा सुरू केला. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या कार्यक्रमात २०३३ पर्यंत या उद्योगात तीस हजार रोजगारांचं लक्ष्य ठेवलं आहे. काळ बदलतो तो असा.

तिसऱ्या भागानंतरची पाच-सहा वर्षं भराभर सांगता येतात, कारण त्या काळात सगळं जमत गेलं. १९९१ मध्ये नव्या सुपर फॅमिकॉमवर चौथा भाग, १९९२ मध्ये पाचवा. दिग्दर्शक साकागुचीच, शिवाय आता कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्षही. १९९४ च्या सहाव्या भागाला त्यांनी दिग्दर्शनाची खुर्ची योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो या तरुणांना दिली आणि स्वतः निर्माते झाले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत शहाणा निर्णय, आणि सहावा भाग हा मालिकेतला सर्वांत भरीव. एकच एक नायक नाही, चौदा माणसांची गोष्ट, आणि मध्यावर खलनायक खरोखरच जग उद्ध्वस्त करतो. तिथून पांगलेल्या सोबत्यांना एकेक करून शोधून काढायचं. १९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर'साठी तर साकागुचींनी प्रतिस्पर्धी 'ड्रॅगन क्वेस्ट'च्याच होरी आणि तोरियामांना आपल्या पंगतीला बसवलं.

मग सातवा भाग. निन्टेन्डोचं नवं यंत्र कॅसेटीवरच अडून राहिलं होतं आणि साकागुचींना चित्रपटासारखी दृश्यं हवी होती, ती फक्त सीडीत मावणार. १९९६ च्या जानेवारीत स्क्वेअरने निन्टेन्डोची साथ सोडून सोनीच्या प्लेस्टेशनचा रस्ता धरल्याचं जाहीर केलं. दोन्ही कंपन्यांमध्ये त्यानंतर वर्षानुवर्षं अबोला होता. ३१ जानेवारी १९९७ रोजी तीन सीडींचा गेम आला. सातांच्या जागी शंभरावर माणसं राबली होती. गोष्टीच्या बुडाशी मात्र एकाच माणसाचं दुःख आहे. तिसऱ्या भागाचं काम चालू असताना साकागुचींची आई गेली. मेलेल्याचं चैतन्य जातं कुठे, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होता. सातव्या भागात ग्रहाच्या पोटात वाहणारा प्राणांचा प्रवाह आहे तो तिथला. आणि एरिथ ही नायिका अर्ध्या वाटेवर मारली जाते, परत येत नाही. खेळणाऱ्याने तासन्‌तास घालून तिची ताकद वाढवलेली असते, तिच्यासाठी शस्त्रं घेतलेली असतात, तिला कुठल्या ओळीत उभी करायची हे ठरवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी लढाईच्या यादीत ती जागा मोकळी. कादंबरीतला मृत्यू आपण वाचतो. इथे हाताला लागलेली सवय तुटते. जगभरची पोरं रडली ती यामुळे, असं मला वाटतं.

या यशाने साकागुचींना जे करायचं होतं ते करायला पैसा मिळाला, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरली. त्यांना पूर्ण संगणकावर बनवलेला, खऱ्या माणसांसारखी माणसं असलेला चित्रपट हवा होता. त्यासाठी होनोलुलूत स्क्वेअर पिक्चर्स हा स्टुडिओ उभारला. 'फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन'च्या नायिकेचं नाव आकी, साकागुचींच्या आईचं. आकीच्या डोक्यावर साठ हजार केस, प्रत्येकाची हालचाल वेगळी मोजायची. चित्रपटात १,४१,९६४ चौकटी, आणि एकेक चौकट तयार व्हायला सरासरी दीड तास. एकाच यंत्रावर हे काम केलं असतं तर चोवीस वर्षं लागली असती. त्यांनी ९६० यंत्रं लावली. ११ जुलै २००१ रोजी चित्रपट अमेरिकेत लागला. खर्च तेरा कोटी सत्तर लाख डॉलर, गल्ला जगभर मिळून साडेआठ कोटींच्या आसपास.

चित्रपट आज पाहिला तर केस अजूनही सुंदर दिसतात. डोळे मात्र कोणाकडेच पाहत नाहीत. उएमात्सु नाहीत, आमानो नाहीत, गेममधल्या विक्षिप्त विनोदांपैकी एकही नाही. दोनशे माणसं होती, पण मला त्यात कोणाची गंमत 'राहू दिलेली' दिसत नाही. २००२ च्या सुरुवातीला स्टुडिओला कुलूप लागलं. साकागुचींनी उपाध्यक्षपद सोडलं. या तोट्यामुळे एनिक्सशी चाललेली विलीनीकरणाची बोलणीही रेंगाळली, आणि अखेर १ एप्रिल २००३ रोजी दोन जुने प्रतिस्पर्धी एक होऊन स्क्वेअर एनिक्स झाले. त्याच वर्षी साकागुची कंपनीतून बाहेर पडले. विजेच्या तारांच्या कंपनीत पार्टटाइम लागलेला मुलगा वीस वर्षांनी बेकार.

आखातात हल्ली जपानी गेममध्ये पैसा ओतण्याची लाट आहे. सौदीच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने २०२२ मध्ये निन्टेन्डोचे पाच टक्क्यांहून अधिक शेअर घेतले, आणि ओसाकाची एसएनके तर जवळजवळ संपूर्ण सौदी प्रतिष्ठानाच्या मालकीची झाली. ही मंडळी होनोलुलूचा हिशेब कधीतरी उघडून बघत असतील, अशी आशा आहे.

२००४ साली साकागुचींनी मिस्टवॉकर ही छोटी कंपनी काढली. मायक्रोसॉफ्टचं पाठबळ मिळालं. पहिल्या गेमला त्यांनी तोरियामा आणि उएमात्सुंनाच हाक मारली. तो २००६ चा 'ब्लू ड्रॅगन'. त्याहून सरस २००७ चा 'लॉस्ट ऑडिसी'. नायक हजार वर्षं जगलेला, मरण नसलेला आणि आठवणी हरवलेला. त्याला अधूनमधून जुनी स्वप्नं पडतात, ती नाओकी पुरस्कार मिळालेले कथाकार कियोशी शिगेमात्सु यांच्याकडून लिहून घेतली. यंत्रावर हालणारी चित्रं बंद करून नुसती अक्षरं आणि संगीत, मिनिटांमागून मिनिटं. चित्रपट बुडवून आलेल्या माणसाने हे करावं, यात काहीतरी शिकल्याची खूण आहे. अडचण एकच, तो गेम मायक्रोसॉफ्टच्या ज्या एक्सबॉक्सवर चाले ते यंत्र जपानमध्ये फारसं कोणाच्या घरीच नव्हतं. २०११ च्या 'द लास्ट स्टोरी'त साकागुची 'फायनल फँटसी'च्या पाचव्या भागानंतर पहिल्यांदा स्वतः दिग्दर्शक झाले. मग काही वर्षं मोबाइलवरचे गेम.

आणि मग 'फँटासियन'. सहावा भाग पुन्हा खेळताना जुन्या पद्धतीचा गेम करावासा वाटला, असं ते सांगतात. यावेळी पार्श्वभूमीचं जग संगणकावर काढलंच नाही. दीडशेहून अधिक छोटी दृश्यं कारागिरांनी हाताने बनवली: गंजलेला पत्रा, मूठभर माती, इवलीशी झाडं, पडकी देवळं. ती स्कॅन करून त्यांतून पात्रं फिरवली. डोंगराच्या उतारावर कुठे गोंदाचा ओघळ दिसतो, कुठे रंगाचा फटकारा. होनोलुलूत साठ हजार केस मोजणाऱ्याच्या हातून हे झालं आहे. २०२१ मध्ये तो फक्त अ‍ॅपलच्या यंत्रांवर आला, म्हणून खेळणारेही मोजकेच मिळाले. त्याच सुमारास साकागुचींना 'फायनल फँटसी'च्या चौदाव्या, ऑनलाइन भागाचं वेड लागलं. आपण सुरू केलेल्या मालिकेत, दुसऱ्यांनी बनवलेल्या जगात ते साधे खेळाडू म्हणून तासन्‌तास रमतात. त्या भागाचे कर्ते नाओकी योशिदा यांच्याशी मैत्रीही जमली.

५ डिसेंबर २०२४ रोजी 'फँटासियन' नव्या रूपात सगळ्या यंत्रांवर आला, आणि प्रकाशक होती स्क्वेअर एनिक्स. एकवीस वर्षांनी जुन्या घराचा शिक्का. हा आपला शेवटचा गेम ठरेल, असं साकागुची आधी बोलले होते. आता आणखी एक करायचा म्हणतात, सहाव्या भागाच्या वळणाचा. उएमात्सुंनी मात्र संपूर्ण गेमला संगीत देणं यापुढे आपल्याच्याने होणार नाही, असं सांगून टाकलं आहे. १९८७ साली कडक साहेबाच्या हाताखाली यायला तयार झालेल्या तिघांपैकी ते एक. नव्या गेमसाठी साकागुचींना आता संगीतकार शोधावा लागेल.